वाचायला ‘नाई’ म्हणणाऱ्या लेकरासाठी

पोरी, तुझं लेकरू हुशार आहे यात कुणाला शंका नाही. बडनेऱ्याला कोणती गाडी किती वाजता येते ते त्याला पाठ, कापसाचा भाव आबाजीच्या आधी त्याच्या तोंडी, आणि गोष्ट सांगायला बसलं की मोठी माणसं हातचं काम सोडून ऐकत राहतात. पुस्तक समोर धरलं की मात्र ‘मले नाई वाचाचं’ म्हणून ते पलंगाखाली! तू फोनवर विचारलंस, एवढं हुशार आहे तर वाचत काऊन नाही? अगं, कारण त्या हुशारीतच आहे. ज्याला सगळं पटकन येतं त्याला न येण्याची सवय नसते. आपण अडखळतोय आणि कुणी पाहतंय, हे त्याला सोसत नाही. त्याला अक्षरांचं भय नाही, चुकताना दिसण्याचं भय आहे. एवढं मनाशी धर आणि मग पुढचं वाच.

१. सगळ्यात आधी डोळे तपासून घे, आणि कानही — फळ्यावरचं पुसट दिसणारं लेकरू ‘मला दिसत नाही’ असं कधी म्हणत नाही, कारण सगळ्यांना तसंच दिसतं असं त्याला वाटतं.

२. वाचायला बसवण्याआधी रोज वाचून दाखव, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागितली तरी कंटाळू नको — पुढं काय होणार ते ठाऊक झालं की लेकराचं लक्ष शब्दांकडे जातं. आमच्यात म्हणतात, ‘कानानं आधी ऐकावं, मग डोळ्यानं ओळखावं.’

३. वाचताना तुझं बोट शब्दांखालून हळूहळू सरकू दे — ऐकलेला आवाज कागदावर कुठं बसलाय ते न सांगता कळतं.

४. दहा मिनिटं पुरे, आणि तीही त्याला मजा वाटत असतानाच आवर — ‘अजून थोडं’ म्हणून उठलेलं लेकरू उद्या आपणहून येऊन बसतं.

५. शाळेतून आल्या आल्या नको आणि उपाशीपोटी तर नकोच — भुकेल्या लेकराला प्रत्येक अक्षर वैरी दिसतं.

६. उन्हाळ्याची सुट्टी वाया घालवू नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, दुपारभर दारं लावून सगळं घर कूलरपुढं बसलेलं, आणि विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात — एवढी निवांत, न पळवणारी वेळ वर्षात दुसरी नाही.

७. त्या दुपारी घरातल्या पुरुषमाणसांनीही काहीतरी वाचत बसावं, देशोन्नती असो की बियाण्याच्या पिशवीमागचा मजकूर — वाचन हे फक्त आईनं मागं लागून करून घ्यायचं काम आहे, असं लेकराला, त्यातून मुलग्याला, वाटता कामा नये.

आता अक्षरांचं बघू. इथं तू थोडी घाई करतेस, ते मला तुझ्या आवाजावरून कळतं.

८. ‘ब बदकाचा’ एवढ्यावरच थांबू नको. ब बसचा, ब बैलाचा, ब बाजाराचा, असं पाच-सहा शब्दांतून एकच आवाज ऐकव — नाहीतर ‘बस’ हा शब्द समोर आला की लेकरू ‘बदक-ससा’ वाचतं, आणि दोष त्याचा नसतो.

९. अक्षर तोडून लांबवू नको. ‘कऽ, मऽ, ळऽ’ असं म्हणवून घेतलंस तर त्यातून कमळ उगवत नाही — अक्षरं एकापाठोपाठ भराभर म्हटली की शब्द त्याच्याच कानाला लागतो.

१०. सगळी मुळाक्षरं पाठ व्हायची वाट पाहू नको. क, म, न, र, ल एवढी पाच अक्षरं आणि एक काना घे. काका, मामा, नाना, कान, नाक, काम, मका, लाल, कमान, सगळं त्यात बसतं — पहिल्याच आठवड्यात काकाचं नाव वाचता आलं की आपल्याला जमतं हे त्याला पटतं. बाराखडीचा तक्ता भिंतीवर खुशाल असू दे, पण अ पासून ज्ञ पर्यंत एका सुरात म्हणता येणं म्हणजे वाचणं नव्हे.

११. पहिल्या वेलांटीला वेळ दे — ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि बोलताना ‘क’ आधी. विचार करणारं लेकरू इथं हटकून थांबतं, त्याचं थांबणं बरोबर आहे.

१२. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य या जोड्या एकाच दिवशी शिकवू नको — एक पक्कं झाल्यावर आठवड्यानं दुसरं आणलं, तर दोघांची सरमिसळ होत नाही. ‘ख’ चं तर ‘रव’ होतंच होतं. हसू नको, कागदावर ते तसंच दिसतं.

१३. जोडाक्षरांचा बाऊ नको आणि घाईही नको — एकटा ‘र’ बघ ना, कर्म, चक्र, ट्रक, वऱ्हाड, चार ठिकाणी चार रूपं घेतो. आपल्या मुलखाचं नाव वाचता यायलाच सगळ्यात उशीर लागतो.

१४. पाठ घडाघडा म्हणत असेल तर खूश होऊन उठू नको. ‘यात माकड कुठं लपलंय, शोध बरं’ म्हणून मधलाच एक शब्द हुडकायला लाव — हुशार लेकरं चित्र पाहून आणि ऐकून अख्खा धडा तोंडपाठ करतात, आणि न वाचताच वर्ष काढतात. मात्र हे खेळात विचार, झडती घेतल्यागत नको.

यापुढचं जरा मन लावून वाच, कारण या मुलखात लेकरांचं सगळ्यात जास्त इथं अडतं. आपण घरी बोलतो वऱ्हाडी आणि पुस्तक बोलतं वेगळं. घरी ‘माह्या’, पुस्तकात ‘माझ्या’. घरी ‘कायले’, पुस्तकात ‘कशाला’. सहा वर्षांच्या जिवाला एकाच वेळी अक्षर ओळखायचं आणि परकी बोलीही समजून घ्यायची. त्यात हुशार लेकराला लगेच कळतं, की या पुस्तकातलं कुणीच आपल्या घरच्यासारखं बोलत नाही. मग त्याचं मन उडतं.

१५. लेकरू जे बोललं तेच कागदावर उतरव, अगदी त्याच्याच शब्दांत. ‘आबाजीच्या वावरात माकडं आले होते. त्यायनं हरबरा खाल्ला. मंग आबाजीनं डबा वाजवला.’ एवढ्या तीन ओळी मोठ्या अक्षरात लिही आणि त्याच्या हाती दे — शब्द त्याच्याच तोंडचे असल्यानं पुढं काय आहे ते त्याला ठाऊक असतं, आणि डोळे निर्धास्तपणे अक्षरांवर फिरतात.

हे एकदा करून बघ. कागद हातात आला की ते आधी तुझ्याकडे बघेल, खरंच मी म्हटलं तेच लिहिलंय का म्हणून. मग ‘आबाजी’ सापडेल, मग ‘माकडं’. ‘हरबरा’ ला थोडं अडेल आणि ‘डबा वाजवला’ आलं की हसेल. दुसऱ्या दिवशी तोच कागद शेजारच्या काकूला दाखवायला पळेल. अशा पंधरा-वीस कागदांना दोरा ओवलास की त्याचं पहिलं पुस्तक तयार, आणि ते कुठल्याही दुकानात मिळत नाही.

१६. ‘केळी’ समोर असताना ते ‘केयी’ म्हणालं, ‘फळा’ ला ‘फया’ म्हणालं, ‘पाणी’ ला ‘पानी’ म्हणालं, तर टोकू नको — अक्षर ओळखलं, अर्थ कळला, फक्त जीभ घरची लावली. ते वाचन बरोबर आहे. ‘केळी’ ला ‘केस’ म्हणालं तर ती चूक, तिथं थांब.

१७. पुढं पुढं घरचा कागद आणि पुस्तकाचं पान शेजारी ठेव. ‘घरी आपण त्यायनं म्हणतो, पुस्तकात त्यांनी लिहितात’, एवढंच सांग — दोन्ही आपलंच आहे हे कळलं की त्याला घरच्या बोलीची लाज वाटत नाही आणि पुस्तकाची धास्ती राहत नाही. ‘अशुद्ध’ हा शब्द तर लेकरासमोर तोंडातून काढूच नको. आईची बोली अशुद्ध म्हटलेली त्याच्या मनाला लागते.

१८. कॉन्व्हेंटात जात असलं तरी घरी मराठी वाचन आधी पक्कं होऊ दे — मराठीत बहुतेक जसं लिहिलं तसं बोललं जातं, इंग्रजीत एकच ‘सी’ कधी ‘क’ होतो कधी ‘स’. एका भाषेत वाचायची युक्ती कळली की दुसरीला ती कामी येते.

पुस्तकाशी त्याचं अजून वैर असेल तर पुस्तक बाजूला ठेव. सगळा मुलूख अक्षरांनी भरलाय.

१९. बडनेऱ्याहून अकोल्याला येताना पॅसेंजरनं ये आणि त्याला खिडकीशी बसव. टाकळी, माना, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव, एकेका ठेसनावर गाडी थांबते आणि पिवळी पाटी समोर उभी राहते — एक्स्प्रेसमधून ती वाचायच्या आत मागं पडते. ‘माना’ म्हणजे दोन अक्षरं आणि दोन काने, ते त्याला पहिल्या फेरीतच येईल. ‘बोरगाव’ दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत. मूर्तिजापूरच्या पाटीवर रफार, वेलांटी, उकार सगळेच जमलेले, ते तू वाच; एक दिवस तुझ्या आधी ते वाचेल.

२०. एसटी स्टँडवर बसची पाटी वाचायचं काम त्याच्याकडे दे, परतवाडा की दर्यापूर की अंजनगाव — इथं वाचलं नाही तर बस चुकेल, हे कारण त्याला पटतं. कारणावाचून वाच म्हटलेलं हुशार लेकराला आवडत नाही.

२१. बाजाराची यादी त्याच्या हाती दे, त्यात एखादी त्याच्या आवडीची वस्तू गुपचूप लिहून ठेव — ‘गिला वडा’ वाचला की गिला वडा मिळतो, हा व्यवहार ते विसरत नाही.

२२. डब्यात चिठ्ठी घाल, दोन-तीनच शब्दांची. ‘संत्रं गोड आहे’ हेही खूप झालं — ती मधल्या सुट्टीत एकट्यानं वाचता येते, चुकलं तर बघायला कुणी नाही.

२३. मांजरीला, धाकट्या बहिणीला, डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या आजीला वाचून दाखवायला सांग — ऐकणारा चुका काढणारा नसला की आवाज आपोआप मोकळा होतो.

२४. अडलं तर मनात पाच मोज आणि मग शब्द सांगून मोकळी हो, ‘काल तर आलं होतं ना’ हे वाक्य गिळून टाक — काल आलेलं आज जातं, परवा परत येतं, वाचन असंच बसतं. ‘उरावर बसलं की अक्षर पळतं’, हे माझं नेहमीचं म्हणणं तुला ठाऊकच आहे.

२५. ‘किती हुशार’ म्हणण्याऐवजी ‘तो शब्द सोडला नाहीस, लढलास’ असं म्हण — हुशारीची शाबासकी मिळालेलं लेकरू पुढच्या वेळी चुकायला जास्त भितं. मेहनतीची मिळालेलं पुन्हा हात घालतं.

२६. शेजारच्या पोरीशी तुलना नको, शिक्षा नको, आणि शिकवणीत कुणी छडी उगारत असेल तर शिकवणी त्याच दिवशी बंद — शाळेत लेकराला मारायला किंवा मानसिक त्रास द्यायला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंच मनाई आहे, मग घरानं मागं का राहावं?

आणि हे काही आजच्या काळाचं लाडावणं नाही. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीत राहिल्या. पुढं त्या गुजरातेत गिजुभाई बधेकांच्या जोडीनं कामाला लागल्या, आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. भय आणि बक्षीस दोन्ही बाजूला ठेवून, हाताशी असलेल्या वस्तूंतून लेकराला शिकू द्यायचं, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं, शेवटी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर सुद्धा. आणि शेंडगावच्या गाडगेबाबांनी तर गावोगाव कीर्तनात सांगितलं, भांडी मोडा पण लेकरांना शिकवा. त्या दोघांच्या मुलखात राहून आपण पुस्तकासाठी लेकराला रडवायचं, हे बरं नाही.

२७. लेकरू नेमकं कुठं आहे ते पाहायचं तर सोपी पायरी धर: अक्षर, शब्द, पहिलीचा छोटा उतारा, दुसरीची गोष्ट. ‘असर’ ची पाहणी २००५ पासून देशभर याच पायऱ्यांवर होते. पाच अक्षरांपैकी चार आली की शब्दांकडे जायचं — नुसतं ‘येत नाही’ म्हणत बसण्यापेक्षा ‘शब्द येतात, उतारा अडतो’ हे कळलं तर काय करायचं तेही कळतं.

२८. वयाची घाई करू नको. कायद्यानं पहिलीचं वय सहा, आणि २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानंही समजून वाचता येण्यासाठी तिसरीच्या अखेरीपर्यंतचा अवधी धरलाय — बालवाडीतल्या लेकराला वाचता येत नाही म्हणून तू डोळ्यांत पाणी आणावंस असं काही घडलेलं नाही.

२९. पण सात-आठ वर्षं झाली, रोज प्रेमानं बसवलं, तरी ओळखीचं अक्षर दर वेळी नवंच वाटतं, ओळ सुटते, लिहिताना अक्षरं उलटतात, आणि तोंडी सगळं येतं, असं असेल तर शाळेशी बोल आणि तज्ज्ञाकडून तपासून घे — ही अध्ययन अक्षमता असू शकते. ती आळसही नाही आणि बुद्धीची कमतरताही नाही, आणि अशा मुलांना परीक्षेत सवलती आहेत. लवकर कळलं तर शिकवायची रीत बदलता येते.

३०. पुस्तकं निवडताना एका पानावर किती ओळी आहेत ते बघ, त्याच्या वयाचा आकडा बघू नको. माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं घे, त्यातली घरं आणि माणसं ओळखीची वाटतात. ‘स्टोरीवीव्हर’ वर प्रथम बुक्सच्या मराठी गोष्टी फुकट आहेत आणि त्या पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय. ते थोडं पुढचं आहे, पण चित्रं बघायला आजच आण — हाताशी असलेलं पुस्तक कधीतरी उघडलं जातं, कपाटात कुलुपात ठेवलेलं नाही. फाटलं तर फाटू दे, डिंक आहे घरात.

३१. निवड त्याची त्याला करू दे, गाड्यांचं पुस्तक सतराव्यांदा मागितलं तरी — त्याच्या आवडीचा विषय आहे म्हटलं की अवघड शब्दही ते सोडत नाही. गाड्यांच्या वेड्याला ‘इंजिन’ हे जोडाक्षर नसूनही अवघड असतं आणि ‘एक्स्प्रेस’ हे चार अक्षरं जोडलेलं असूनही सोपं वाटतं.

३२. वाचनालयात त्याच्या नावानं खातं काढ. अमरावतीत नगर वाचनालय आहे, अकोल्यात बाबूजी देशमुख वाचनालय आहे — कार्डावर स्वतःचं नाव छापलेलं दिसलं की लेकरू ते आधी वाचतं, आणि तिथं आपल्याहून मोठी पोरं गुमान बसून वाचताना त्याला दिसतात.

३३. एकट्यानं वाचायला लागलं म्हणून तुझं वाचून दाखवणं बंद करू नको — त्याची समज वाचनाच्या फार पुढं असते, आणि मोठ्या गोष्टी ऐकायला मिळाल्या नाहीत तर ‘वाचन म्हणजे कमल बघ, छगन पळ’ एवढंच, असं समजून ते पुन्हा पलंगाखाली जाईल.

३४. मोबाइल हिसकावून पुस्तक देऊ नको — ज्याच्या बदल्यात आवडती वस्तू गेली ती वस्तू कुणाला आवडेल? मोबाइलची वेळ वेगळी ठरव, पुस्तकाची वेगळी.

आणि दिवाळीला सगळे जमतील तेव्हाचं आताच सांगून ठेवते. कुणीतरी मोठा माणूस, प्रेमानंच, त्याला मांडीवर घेऊन म्हणेल, ‘वाचून दाखव बरं आम्हाला.’ दहा डोळे त्याच्याकडे वळतील. तेव्हा तू मध्ये पड. ‘आज ते तुम्हाला वाचून दाखवणार नाही, आज तुम्ही त्याला वाचून दाखवा’ असं स्पष्ट सांग, मग समोर मी असले तरी भीड धरू नको.